सकाळी बॅटल क्रीक, रात्री कलामझू

नाश्त्याच्या सीरियलचं वेड आणि समोर बसून गाणं ऐकण्याचं वेड, ही दोन्ही माझ्यात अनेक वर्षं सुखानं नांदतात. दोन्ही एकाच सहलीत भागवायची असतील तर अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात जायला हवं. तिथे बॅटल क्रीक आणि कलामझू ही दोन शहरं आहेत. मध्ये साधारण ४० किलोमीटर अंतर. एका शहरानं जगाला कॉर्नफ्लेक्स दिले, दुसऱ्यानं गिब्सन गिटार. पर्यटनाच्या याद्यांत ही नावं क्वचितच दिसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं सीरियल कॉर्नफ्लेक्स नव्हे, ग्रेप-नट्स. त्यात द्राक्षं नसतात, सुकामेवाही नसतो. गहू आणि बार्लीच्या पिठाचा घट्ट गोळा भाजायचा, भरडायचा आणि पुन्हा भाजायचा, की खड्यांसारखे कडक दाणे तयार होतात. दूध घातल्यावर पहिली काही मिनिटं ते दाताखाली वाजतात, मग मऊ पडतात. ती मिनिटं मला प्रिय आहेत. सी. डब्ल्यू. पोस्ट हे गृहस्थ १८९१ मध्ये बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात रुग्ण म्हणून आले आणि त्याच गावात त्यांनी १८९७ मध्ये ग्रेप-नट्स बाजारात आणलं. १९३३ मध्ये निघालेल्या अ‍ॅडमिरल बर्ड यांच्या अंटार्क्टिका मोहिमेच्या रेडिओ कार्यक्रमांना याच सीरियलनं पैसा पुरवला होता. बर्फाच्या खंडावरून थेट प्रक्षेपण आणि प्रायोजक ग्रेप-नट्स! माझी दोन वेडं माझ्या जन्माच्या कितीतरी आधी एकत्र आली होती.

कधी जायचं

जूनमध्ये. बॅटल क्रीकचा सीरियल फेस्टिव्हल साधारण जूनमधल्या एका शनिवारी सकाळी होतो. केलॉग कंपनीच्या पन्नाशीनिमित्त १९५६ मध्ये गावात सार्वजनिक नाश्ता झाला, ती याची सुरुवात. नक्की तारीख शहराच्या संकेतस्थळावर पाहा आणि मगच तिकिटं काढा, कारण ती दरवर्षी बदलते. त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी रात्री कलामझूत कोणाचा कार्यक्रम आहे तेही त्याच वेळी पाहून ठेवा. आमची सगळी सहल त्या दोन गोष्टींच्या भोवती बांधली होती, बाकीचं आपोआप बसत गेलं.

कसं जायचं

शिकागोहून अ‍ॅमट्रॅक या अमेरिकन रेल्वे कंपनीची गाडी घ्या. वुल्व्हरीन आणि ब्लू वॉटर या दोन्ही गाड्या कलामझू आणि बॅटल क्रीक इथे थांबतात. इंडियानातल्या पोर्टरपासून कलामझूपर्यंतचा मार्ग अ‍ॅमट्रॅकच्या स्वतःच्या मालकीचा आहे आणि त्यावर गाडी ताशी ११० मैल, म्हणजे जवळपास १७७ किलोमीटर वेगानं धावते. खिडकीची जागा मिळाली तर सोडू नका.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: शिकागो मध्य वेळेवर चालतं, मिशिगनचा हा भाग पूर्व वेळेवर. जाताना एक तास हातातून जातो. कार्यक्रम रात्री आठचा असेल तर गाडी निवडताना हा तास धरूनच हिशेब करा. गाडी उशिरा येण्याचीही तयारी ठेवा, निदान तीन तासांची मोकळीक हवी.

कलामझूचं स्टेशन शहराच्या मध्यातच आहे आणि बरीचशी ठिकाणं तिथून पायी गाठता येतात. बॅटल क्रीकला मात्र शनिवारी सकाळी लवकर पोहोचायचं तर रेल्वेचा उपयोग नाही. शिकागोहून येणारी गाडी पोहोचेपर्यंत नाश्त्याची टेबलं आवरलेली असतील. म्हणून आम्ही कलामझूत भाड्यानं गाडी घेतली. दादा चालवायला होता. अंधारात आय-९४ महामार्गावरून जाणं शक्यतो टाळा. या भागात पहाटे आणि तिन्हीसांजेला हरणं रस्त्यावर येतात आणि वाहनचालक त्यांना खरोखर भितात. मुक्काम कलामझूतच करा, कार्यक्रमानंतर चालत खोलीवर जाता येईल असा.

शुक्रवार: पार्सन्स स्ट्रीट आणि मैफल

दुपारी २२५ पार्सन्स स्ट्रीटला गेलो. लाल विटांची, १९१७ सालची इमारत आणि तिच्या डोक्यावर गिब्सनचं नाव कोरलेलं धुराडं. गिटार वाजवणाऱ्या कोणालाही मी इथे उभं राहायला सांगेन. १९३६ ची ईएस-१५० ही इलेक्ट्रिक गिटार कलामझूत बनली, १९५२ ची पहिली लेस पॉल ही इलेक्ट्रिक गिटारही. महायुद्धाच्या काळात पुरुष कामगार सैन्यात गेले तेव्हा इथल्या बायकांनी गिटारी घडवल्या. त्या वेळच्या गिटारी आज संग्राहक शोधत फिरतात, पण घडवणाऱ्या बायकांची नावं फार थोड्यांना माहीत आहेत. ती नावं त्या विटांवर लिहिलेली असती तर मला फार बरं वाटलं असतं. गिब्सननं १९८४ मध्ये इथला कारखाना बंद केला आणि सगळा कारभार नॅशव्हिलला नेला. मागे राहिलेल्या काही कारागिरांनी दुसऱ्याच वर्षी त्याच इमारतीत हेरिटेज गिटार सुरू केली. आत जायचं असेल तर आधी विचारून जा. बाहेरून पाहण्यासाठी कोणाचीच परवानगी लागत नाही.

संध्याकाळी बेल्स ब्रुअरीचं एक्सेंट्रिक कॅफे. आत एक सभागृह आहे आणि मागे मोठी बाग. जूनमध्ये बागेत ऐकायला मिळालं तर सोनं. आम्ही गेलो त्या रात्री ब्लूग्रास होतं, म्हणजे तारवाद्यांवरचं अमेरिकन लोकसंगीत. गिटार, बँजो, फिडल, उभा बास आणि मॅन्डोलिन. ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे बिल मनरो अनेक दशकं जे मॅन्डोलिन वाजवत राहिले, ते १९२३ मध्ये कलामझूतच बनलेलं गिब्सनचं एफ-५. दुपारी ज्या इमारतीसमोर उभी होते तिथूनच निघालेला तो आवाज. मॅन्डोलिनवाल्यानं पहिला तुकडा घेतला आणि अंगावर काटा आला. रेकॉर्डिंगमध्ये मॅन्डोलिनचा सूर ऐकू येतो, पण तारेवर पडणारा पिकचा, म्हणजे तार छेडायच्या चकतीचा, आघात, त्यानंतर हवेत राहिलेला लाकडाचा नाद, वादकांनी एकमेकांकडे पाहून क्षणभर लांबवलेली सम, हे सगळं जागेवरच मिळतं आणि तिथेच संपतं. दुधात पडलेल्या दाण्यांसारखंच ते नंतरसाठी ठेवता येत नाही.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. मूळ पासपोर्ट किंवा अमेरिकन ओळखपत्र जवळ ठेवा, फोनमधला फोटो चालेल असं गृहीत धरू नका. मद्य २१ वर्षांखालच्यांना मिळत नाही आणि काही कार्यक्रमांना वयाची अट असते. तिकिटावर दोन वेळा असतात, दरवाजे उघडण्याची आणि कार्यक्रमाची. बसायला नंबर नसतील तर पहिली वेळ पाळा. पिशवी लहान न्या. हे शहर पूर्व वेळेच्या पट्ट्याच्या पश्चिम टोकाला असल्यानं जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो. त्यामुळे ऊन असताना आत शिरलेल्या माणसाला निघताना थंडी वाजते. पातळ स्वेटर आणि डासांचं मलम दोन्ही घ्या.

आणि इअरप्लग. हे मी हात जोडून सांगते. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसण्याजोगा मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. ब्लूग्रासला अडचण नव्हती, पण रॉकच्या कार्यक्रमात स्पीकरजवळ उभं राहणार असाल तर संगीतासाठी बनवलेले, सूर न बिघडवणारे इअरप्लग वापरा. ज्याला पुढची चाळीस वर्षं ऐकायचं आहे त्यानं कान जपायलाच हवेत.

बागेऐवजी छपराखाली बसायचं असेल तर १९२७ चं स्टेट थिएटर पाहा. आतलं छत रात्रीच्या आकाशासारखं आहे, तारे लुकलुकतात. सम सालात एप्रिल-मेमध्ये येणाऱ्यांना गिल्मोर पियानो महोत्सव मिळेल.

शनिवार: लांबच लांब टेबल

गाडीच्या काचा खाली करून बॅटल क्रीकमध्ये शिरा. कारखान्यांत भट्ट्या चालू असतील आणि वारा अनुकूल असेल तर भाजलेल्या धान्याचा गोडसर वास येतो. आम्हाला आला आणि मी दादाला गाडी बाजूला घ्यायला लावली.

गावाच्या मध्यभागी रस्त्यावर टेबलाला टेबल जोडून मांडलेली असतात. जगातलं सर्वांत लांब नाश्त्याचं टेबल असं ते अभिमानानं म्हणतात. सीरियल, दूध, रस, सगळं मोफत. वाढणारे स्वयंसेवक गावातलेच. माझ्यासमोरच्या आजोबांनी विचारलं, "कुठलं आवडतं?" ग्रेप-नट्स म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी कारखान्यात काम केलं होतं. दूध आधी की दाणे आधी, यावर आमची चांगलीच चर्चा रंगली. दाणे आधी, दूध थंड आणि थोडंसंच, यावर एकमत झालं. तिकडे छोट्या मंचावर बँड वाजत होता, लहान मुलं वाटी हातात घेऊन नाचत होती.

लवकर जा, जितकं लवकर तितकं बरं. गाडी दोन-तीन गल्ल्या अलीकडेच लावा. आपली आवड ठरलेली असेल तर एक लहान खोका सोबत ठेवा, कारण टेबलावर काय असेल ते यजमान ठरवतात आणि बहुतेक पदार्थ मुलांच्या आवडीचे गोड असतात. शाकाहारी असाल तर पाकिटामागची घटकांची यादी वाचल्याशिवाय तोंडात टाकू नका. फ्रॉस्टेड मिनी-व्हीट्समध्ये आणि साखरेचा थर दिलेल्या पॉप-टार्ट्समध्ये प्राण्यांपासून मिळणारं जिलेटिन असतं, मार्शमेलो घातलेल्या सीरियलमध्येही. साधे कॉर्नफ्लेक्स खाणाऱ्यांनी माल्टकडे लक्ष द्यावं. ते बार्लीपासून येतं, ग्लुटेन टाळणाऱ्यांना चालत नाही.

दुपार

आता गावाचा इतिहास पाहा. नॉर्थ वॉशिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर उंच मनोऱ्याची भव्य इमारत आहे. तेच ते आरोग्यधाम. डॉ. जॉन हार्वी केलॉग इथले प्रमुख. धाकटे भाऊ विल कीथ केलॉग त्यांच्या हाताखाली हिशेब आणि व्यवस्था पाहायचे. १८९४ मध्ये शिजवलेला गहू राहून गेला, तो लाटल्यावर त्याच्या पापड्या निघाल्या, आणि तिथून फ्लेक्स सुरू झाले. पुढे साखर घालायची की नाही यावरून भावांचं बिनसलं आणि विल यांनी १९०६ मध्ये स्वतःची कंपनी काढली. जुनी इमारत १९०२ च्या आगीत गेली. आजची नंतरची, मनोरा १९२८ चा. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं आणि आता सरकारी कचेऱ्या आहेत, त्यामुळे बाहेरूनच पाहा.

केलॉगचा कारखाना आतून पाहता येईल ही आशा ठेवू नका. ती सोय १९८६ मध्ये बंद झाली. सीरियल सिटी नावाचं संग्रहालयही २००७ मध्ये बंद पडलं. अजून अनेक जुन्या लेखांत त्याची शिफारस सापडते, तिच्यावर जाऊ नका. त्याऐवजी हिस्टॉरिक अ‍ॅडव्हेंटिस्ट व्हिलेजमध्ये डॉ. केलॉगांचं दालन पाहा. अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे लोक शनिवार हा प्रार्थनेचा दिवस पाळतात, म्हणून त्या दिवशीच्या वेळा आधी विचारून घ्या किंवा रविवारी जा.

ओक हिल स्मशानभूमी मात्र चुकवू नका. दोघे केलॉग भाऊ आणि सी. डब्ल्यू. पोस्ट तिथे आहेत. विल यांच्या कबरीवर किडा ओढणारा रॉबिन पक्षी असलेलं धातूचं सूर्यघड्याळ आहे. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या सोजर्नर ट्रुथही इथेच आहेत. त्यांच्याजवळ आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो.

शेवटी डब्ल्यू. के. केलॉग ऑडिटोरियम. सीरियलच्या पैशातून १९३३ मध्ये उभं राहिलेलं हे सभागृह, आणि १८९९ मध्ये स्थापन झालेला बॅटल क्रीक सिंफनी ऑर्केस्ट्रा तिथे वाजतो. मक्याच्या पापड्यांतून आलेल्या पैशाचं इतकं सुंदर काही होऊ शकतं, हे पाहून मला विल केलॉगांबद्दल फार आपुलकी वाटली. ऑर्केस्ट्राचा हंगाम शरद ऋतूत सुरू होऊन वसंतापर्यंत चालतो, जूनमध्ये दारं बंद असतात. संगीत हेच तुमचं पहिलं वेड असेल तर फेस्टिव्हल सोडा आणि ऑक्टोबरनंतर या. थंडी कडक असते, बर्फात गाडी चालवायची सवय हवी.

खरेदी

जुन्या वस्तूंच्या दुकानांत सीरियलच्या खोक्यांवरच्या गाण्यांच्या तबकड्या शोधा. १९७० च्या आसपास पोस्ट कंपनीच्या सीरियलच्या खोक्यांच्या पाठीवर पुठ्ठ्याची तबकडी छापलेली असायची. कात्रीनं कापायची आणि प्लेअरवर लावायची. जॅक्सन फाइव्ह या बँडची गाणी अल्फा-बिट्स या सीरियलच्या खोक्यांवर अशीच आली. पुठ्ठा वाकलेला नाही आणि कडा नीट कापलेल्या आहेत, एवढं पाहून घ्या. वाकलेली तबकडी वाजत नाही.

खोके घरी न्यायचे असतील तर पुठ्ठा सपाट घडी करून बॅगेच्या तळाशी ठेवा आणि आतली बंद पिशवी कपड्यांच्या मध्ये. ग्रेप-नट्स कितीही दाबलं तरी मोडत नाही. कॉर्नफ्लेक्सचा मात्र चुरा होतो, ते तिथेच खाऊन या.