ॲक्वापोनिक्स: हिशेब टाकीपासून नको, खाद्यापासून मांडा

परसात ॲक्वापोनिक्स, म्हणजे टाकीतल्या माशांच्या पाण्यावर खडीच्या वाफ्यात भाज्या वाढवणं, करायचं ठरलं की बहुतेक जण आधी टाकी आणतात. मग टाकीत मावतील तेवढे मासे, आणि उरलेल्या जागेत वाफा. हा क्रम उलटा आहे. बाहेरून या यंत्रणेत रोज जाणारी मुख्य वस्तू एकच, माशांचं खाद्य. त्यामुळे आकडेमोडही तिथूनच सुरू होते.

पालेभाज्यांच्या एका चौरस मीटर वाफ्याला दिवसाला साधारण ४० ते ५० ग्रॅम खाद्यातून निघणारं नत्र पुरतं. फळभाज्यांना ५० ते ८० ग्रॅम लागतं, पण त्या पहिल्या काही महिन्यांत लावूच नका. हाताएवढे झालेले मासे रोज वजनाच्या दीड-दोन टक्के खातात, म्हणजे ५० ग्रॅम खाद्य संपवायला सुमारे तीन किलो मासे हवेत. नवशिक्याने हजार लिटरला दहा किलोच्या पुढे जाऊ नये. या बेताने तीन किलोंना ३०० लिटर पुरतात, तरीही टाकी ५०० लिटरची घ्या. जास्तीचं पाणी कुठे कामाला येतं ते पुढे कळेल. सुरुवातीला २० ग्रॅमची वीस बोटुकली सोडा. लहानपणी ती वजनाच्या पाच टक्के खातात, म्हणजे दिवसाला २० ग्रॅम. दीडशे ग्रॅमची झाली की खाणं ५० च्या आसपास जातं. त्यानंतर मासे काढायला लागायचं.

वाफा एक चौरस मीटर, ३० सेंमी खोल, म्हणजे ३०० लिटर खडी. तिचं वजन साडेचारशे किलोच्या घरात जातं. वर पाणी आलंच. त्यामुळे स्टँड विटांचा किंवा भक्कम लोखंडी अँगलचा, आणि पायाखालची जमीन ठोकून सपाट केलेली हवी. खडी १० ते २० मिलिमीटरची घ्या आणि विकत घेण्याआधी मूठभर खड्यांवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर त्यात चुनखडी आहे. अशी खडी पाण्याचा सामू (पीएच) सतत वर ढकलत राहते आणि वर्षभर डोकेदुखी होते. भाजलेल्या मातीचे हलके गोळे मिळाले तर उत्तम, पण भरण्याआधी गढूळ पाणी येणं थांबेपर्यंत धुवा. टाकी अपारदर्शकच हवी, नाहीतर पाणी हिरवं होतं. तांब्याची किंवा जस्त चढवलेली एकही जोडणी पाण्यात नको. दोन्ही धातू माशांना विषारी आहेत.

खडीत साधारण ४० टक्के पोकळी असते. पंपाने वाफा भरतो तेव्हा टाकीतून शंभरेक लिटर पाणी वर जातं आणि मग परत टाकीत उतरतं. ५०० लिटरच्या टाकीला हा फरक सोसतो. दोनशे लिटरच्या पिंपाला नाही, तिथे दर फेरीला माशांचं अर्धं पाणी गायब होतं.

पाणी भरण-उतरण्यासाठी बेल सायफन, म्हणजे वाफा भरला की आपोआप रिकामा करणारी नळ्यांची जोडणी. त्यात तीन पाइप एकात एक बसतात: आत २५ मिमीचा उभा पाइप, २२ सेंमी उंच, त्यावर ७५ मिमीची वरून बंद टोपी, २५ सेंमी, आणि बाहेर खडी अडवायला ११० मिमीचा भोकं पाडलेला पाइप, ३२ सेंमी. टोपीला तळापासून दीड सेंमीवर खाचा पाडा. पाणी या उंचीमुळे खडीच्या वरच्या थरापर्यंत पोचत नाही. वरचे पाचेक सेंमी कोरडे राहिले की शेवाळ धरत नाही आणि खोडं कुजत नाहीत.

सायफन बिघडतो तो दोनच प्रकारे. पाणी उभ्या पाइपाच्या कडेवरून नुसतं ठिबकत राहतं, म्हणजे आवक कमी आहे किंवा टोपीचं झाकण हवा घेतंय. झाकणाच्या सांध्याला पाइप चिकटवायचं सोल्युशन लावा, पंपाचा व्हॉल्व्ह थोडा उघडा, खालच्या टोकाला एक एल्बो बसवा. उलट पाणी तळाशी गुरगुरत राहून सायफन तुटतच नाही, म्हणजे उपसा थांबून वाफा पुन्हा भरत नाही, तर आवक जास्त आहे. व्हॉल्व्ह आवळा किंवा खाचा मोठ्या करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही. कंटाळा आला तर सायफन काढून टायमर लावा: १५ मिनिटं पंप चालू, ४५ बंद. उभ्या पाइपाच्या तळाशी ६ मिमीचं भोक पाडलं की पंप थांबल्यावर वाफा आपसूक उतरतो. झाडांना फरक पडत नाही.

पंपाने टाकीतलं पाणी तासाला एकदा फिरवावं. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. दीड मीटर वर चढवताना तो निम्म्यावर येऊ शकतो, म्हणून ५०० लिटरसाठी तासाला हजार-बाराशे लिटरचा पंप घ्या आणि जास्तीचं पाणी टी लावून टाकीतच परत सोडा. तेवढीच हवा मिसळते.

आता सगळ्यात घाई होते तो भाग. ५० ग्रॅम खाद्यातून, त्यात ३२ टक्के प्रथिनं धरली तर, रोज सुमारे दीड ग्रॅम अमोनियाचं नत्र पाण्यात येतं. ५०० लिटरमध्ये म्हणजे लिटरला तीन मिलिग्रॅम, दररोज. अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग झाडांना चालणारं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंची वस्ती खडीवर नसेल तर मासे काही दिवसांत मरतात. म्हणून आधी मासे न सोडता वस्ती तयार करा. पाणी क्लोरीनचं असेल तर हवेचा दगड (एअर पंपाला जोडायचा, बुडबुडे सोडणारा) लावून दोन दिवस ठेवा. क्लोरामाइन असं जात नाही, त्याला सोडियम थायोसल्फेट लागतं. मग ५०० लिटरला चारेक ग्रॅम अमोनियम क्लोराइड घाला, अमोनिया दोन-अडीच मिलिग्रॅमवर येतो. आधी तो उतरतो आणि नायट्राइट चढतं, मग नायट्राइट उतरून नायट्रेट दिसू लागतं. घातलेला अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं सलग दोन-तीन दिवस दिसलं की मासे सोडा. २५ अंशांच्या पाण्यात याला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. चालू असलेल्या यंत्रणेतली मूठभर खडी मिळाली तर हा काळ बराच कमी होतो. तपासणीला थेंबांचा संच घ्या. कागदी पट्ट्यांवर भरवसा नको.

सामू ६.८ ते ७ मध्ये ठेवायचा. मासे, झाडं आणि जिवाणू, तिघांनाही तो मनापासून आवडत नाही, पण तिघांनाही चालतो. ८ वर गेला तर विषारी अमोनियाचा वाटा ७ च्या तुलनेत जवळपास दसपट होतो आणि झाडांना लोह मिळत नाही. ६ च्या खाली गेला तर जिवाणू मंदावतात. पहिल्या महिन्यात तो वर असतो, नंतर जिवाणूंच्या कामातूनच आम्ल तयार होऊन तो उतरू लागतो. तेव्हा एक दिवस विझवलेला चुना, पुढच्या वेळी पोटॅशियम बायकार्बोनेट, दोन-तीन ग्रॅम बादलीभर पाण्यात विरघळवून हळूहळू सोडा. झाडांना लागणारं कॅल्शियम आणि पोटॅशियम असंच भागतं. सामू चढवायच्या नादात खायचा सोडा टाकू नका, सोडियम साठत जातं.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी आहे. माशांच्या खाद्यात ते पुरेसं नसतंच. ११ टक्के लोहाचं डीटीपीए चिलेट (पाण्यात विरघळलेलं राहणारं लोहाचं खत), ५०० लिटरला नऊ ग्रॅम, तीनेक आठवड्यांतून एकदा. जुनी पानं पिवळी पडत असतील तर आधी नायट्रेट बघा. किडीवर साबणाचं पाणी किंवा कडुनिंबाचं तेल फवारायचा मोह आवरा, दोन्ही टाकीत उतरून माशांना बाधतात.

मासे सकाळी पृष्ठभागावर येऊन तोंड वासत असतील तर त्या दिवशी खाद्य बंद आणि हवा वाढवा. रात्रभर प्राणवायू घटत जातो, आणि पाणी गरम असेल तर तो मुळातच कमी विरघळतो. पाच मिनिटांत न खाल्लेलं खाद्य जाळीने काढा, तेही कुजताना हाच प्राणवायू खातं. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप पहिल्या दिवसापासून जोडलेला असू द्या. मुख्य पंप टाकीच्या तळाला न ठेवता विटांवर उंच ठेवा, म्हणजे वाफ्याचा पाइप रात्री निसटला तरी पंप कोरडा पडेल आणि माशांपुरतं पाणी टाकीत उरेल.