गॅदरिंगमधली घागर

गुऱ्हाळं पेटली की गॅदरिंगचे दिवस आले असं आम्ही समजायचो. भोगावतीकाठचं आमचं गाव. सकाळची एसटी धरून रंकाळा स्टँडला उतरायचं आणि तिथून चालत कॉलेज गाठायचं. वाटेत उसानं लादलेल्या ट्रॉल्या आणि काहिलीतून उतरलेल्या गुळाचा वास. त्यातच एक दिवस कॉलेजच्या नोटीस बोर्डावर हातानं लिहिलेला कागद लागायचा. वार्षिक स्नेहसंमेलन, नाटकात काम करू इच्छिणाऱ्यांनी पाच वाजता हॉलमध्ये यावे. कागदावर स्नेहसंमेलन असलं तरी सगळ्यांच्या तोंडात गॅदरिंगच.

एफवायला असताना मी त्या हॉलच्या दारात अर्धा तास उभी होते. आत जायचं धाडस शेवटी शिपाईमामांनी दिलं. खुर्च्या उचलता उचलता म्हणाले, “जा की आत, बाळ. कोण खातंय व्हय तुला?”

घरी सांगितलं, तालमीला थांबणार आहे, शेवटच्या गाडीनं येतो. (आमच्याकडं मुलीही ‘येतो, जातो’च म्हणतात, त्याबद्दल पुढं सांगते.) आजोबा चमकले. कोल्हापुरात तालीम म्हटलं की लाल माती, लंगोट, जोर-बैठका. पेठापेठांत तालमी. पोरीचं तिथं काय काम? नाटकाची तालीम असते असं समजावल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग तिथंबी अंग कमवायलाच लागंल.” आजोबांनी आयुष्यात किती नाटकं बघितली होती ठाऊक नाही, पण त्या वर्षी मला जे शिकायला मिळालं ते त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

एकांकिका दुष्काळावरची होती. मला काम मिळालं ते एका सुनेचं. दोनदा यायचं, घागर ठेवायची, जायचं. वाक्य एकही नाही. मी मनातून खट्टू झाले होते, तरी काम सोपं वाटलं. पाणी तर मी सहावी-सातवीपासून भरत होते. पहिल्या दिवशी हॉलमधली रिकामी कळशी कंबरेवर घेतली, आले, ठेवली, गेले. सर बाकावर बसून बघत होते. आमचे सर मराठी शिकवायचे आणि डिसेंबर-जानेवारीत रोज संध्याकाळी तीन तास नाटकाला द्यायचे, त्याचा एक पैसा कुणी त्यांना दिला नाही. त्यांनी विचारलं, “घरी पाणी कोण भरतं?”

“मीच भरतो, सर.”

“मग ही कळशी रिकामी कशी?”

मला कळेना. ती रिकामीच होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला खरी घागर दिली. मैदानाच्या कोपऱ्यातल्या नळावर भरायची आणि दोन जिने चढून हॉलमध्ये आणायची. बाकीचे वाचन करत होते, हालचाली बसवत होते आणि मी पाणी आणत होते. “सांडू दे,” सर म्हणायचे, “सांडलं तरी चालेल, पण कुठं सांडतंय ते ध्यानात ठेव.” चौथ्या दिवशी अर्धी घागर. सहाव्या दिवशी तळाला दोन तांबे पाणी. मग रिकामी. प्रत्येक वेळी एकच प्रश्न, “आता काय बदललं?”

आणि मला दिसायला लागलं. घागर डाव्या कंबरेवर असली की धड उजवीकडं झुकतं आणि उजवा हात आपोआप अंगापासून सुटतो. पावलं आखूड पडतात. श्वास छातीत अडकून राहतो, तो घागर टेकल्यावरच सुटतो. खाली ठेवताना आधी गुडघे वाकतात, पाठ नंतर. आणि एक गोष्ट मी इतकी वर्षं करत आले होते पण कधी बघितलीच नव्हती. घागर जमिनीवर टेकली तरी आतलं पाणी हिंदकळत असतं. त्यामुळं हात लगेच सुटत नाही. ते पाणी शांत होईपर्यंत तळवा घागरीच्या काठावर तसाच राहतो. क्षणभरच. मग माणूस सरळ उभं राहतं.

घरी रोज जे अंग हे सगळं बिनचूक करायचं, त्याला चार माणसं बघायला बसली की काहीच आठवत नव्हतं. नवशिक्याचं पहिलं दुखणं हेच असतं असं मला आजही वाटतं. हात कुठं ठेवू, चालू कसं, बघू कुठं. जन्मापासून जमणाऱ्या गोष्टी अचानक परक्या होतात आणि मग आपण त्यांची नक्कल करायला लागतो. सरांनी मला घागरीचं वजन परत मिळवून दिलं.

गॅदरिंगची रात्र मंडपात झाली. दुपारी अहवाल वाचन आणि बक्षीस समारंभ झाला, मग फिशपाँड. संध्याकाळी नटराजाची पूजा करून नारळ फोडला. रंगपट म्हणजे दोन वर्गांच्या मधला पॅसेज. तिथं एक ताई सगळ्यांच्या चेहऱ्यांना एकाच डबीतला रंग लावत होत्या. तिसरी घंटा झाली तेव्हा माझे पाय गार पडले होते. विंगेत उभी राहून मी फक्त घागर धरली आणि डोळे मिटून नळ आठवला. मग गेले. ठेवली. हात काठावर राहिला. मंडपात पुढं गावाकडच्या बायका बसल्या होत्या, मुलांची नाटकं बघायला आलेल्या. त्यांतली एक शेजारणीला म्हणाली, “दमली गं पोरगी.” मला स्पष्ट ऐकू आलं. अजून येतं.

दुसऱ्या वर्षी वाक्यं मिळाली आणि आवाजाचं शिक्षण सुरू झालं. आडवं झोपून पोटावर जाड शब्दकोश ठेवायचा. श्वास घेतला की शब्दकोश वर गेला पाहिजे, खांदे हलता कामा नयेत. आम्ही पोरी लाजायचो, तर सरांनी आमच्यासाठी वेगळी खोली आणि शिकवायला एक मॅडम बघितल्या. मग मैदानावर शब्दफेकीचा सराव. शिपाईमामा पार टोकाला कंपाउंडच्या भिंतीशी उभे राहायचे. ऐकू आलं तर हात वर, नाहीतर हात खाली. ओरडलेलं चालायचं नाही. ओरडलं की मामा मान हलवायचे. “आवाज आला, बोलणं आलं न्हाई.”

तेव्हा सरांनी सांगितलेली एक गोष्ट मी आजवर अनेक मुलांना सांगितली आहे. मराठी वाक्याचा जीव शेवटी असतो. क्रियापद शेवटी, नकारही शेवटी. “मी तुमच्या घरी परत येणार” इथपर्यंत दणकून बोललात आणि “नाही” गिळलंत, तर नाटकच उलटं झालं. आणि नवशिका नेमकं तेच गिळतो, कारण श्वास तिथंच संपतो. म्हणून श्वास वाक्याच्या सुरुवातीला मोजून घ्यायचा, शेवटच्या अक्षरासाठी राखून ठेवायचा. आम्ही सगळे महिनाभर घरीदारी शेवटचे शब्द जपून बोलत होतो.

बोलीचा प्रश्न याच वर्षी आला. माझी भूमिका पुण्याहून बदलून आलेल्या शिक्षिकेची. मी “जातो, करतो, पानी” म्हणणारी. “जाते, करते, पाणी” हे मला जिभेनं शिकावं लागलं. ‘ण’साठी जिभेचं टोक टाळूकडं वळवून पाणी, लोणी, अंगण, कोण असं एसटीत बसून पुटपुटत जायची. पण सरांनी एकदाही माझ्या बोलण्याला अशुद्ध म्हटलं नाही. म्हणाले, “तुझ्याकडं एक भाषा आहे, त्यात दुसरीची भर टाकायची. पहिली टाकून देऊ नकोस, पुढं लागेल.” त्या वयात, शहरातल्या मुलींच्या घोळक्यात, या एका वाक्याचा मला केवढा आधार झाला ते मलाच ठाऊक.

त्याच वर्षी एका तालमीत त्यांनी मला न सांगता समोरच्या मुलाचं वाक्य बदललं. त्यानं विचारायचं होतं “आई कुठाय?” आणि मी म्हणायचं, “आत्ताच बाहेर गेलीय.” त्यानं विचारलं, “जेवलीस का?” मी ठरल्याप्रमाणं म्हटलं, “आत्ताच बाहेर गेलीय.” हॉल हसला. सर हसले नाहीत. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “तू त्याचं ऐकतच नाहीस. तू तुझ्या वाक्याची वाट बघतेस.” त्यानंतर महिनाभर आम्ही एक खेळ खेळायचो. समोरच्याचं वाक्य आधी आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि मगच आपलं बोलायचं.

केशवरावला, म्हणजे कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात, राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग लागले की सर आम्हाला घेऊन जायचे, तेव्हाही हीच शिकवण. बोलणाऱ्याकडं बघू नका, जो गप्प आहे त्याच्याकडं बघा. नाटक सुटल्यावर खासबागेपाशी भेळ खात त्या गप्प माणसावर चर्चा चालायची. मी त्यातली निम्मी सोडून रंकाळा स्टँडकडं पळायची. शेवटची गाडी कुणासाठी थांबत नाही.

तिसऱ्या वर्षीचं नाटक मंडपात न होता थेट केशवराव भोसले नाट्यगृहात झालं. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1915 साली पूर्ण झालेलं. मूळ नाव पॅलेस थिएटर. शेजारी खासबागेचं कुस्तीचं मैदान, तेही महाराजांचंच. मल्ल आणि नट यांना एका अंगणात आणून बसवणारा राजा आमच्या गावाला लाभला, हे सर प्रत्येक बॅचला सांगायचे. आणि ज्यांचं नाव नाट्यगृहाला आहे त्या गायक-नट केशवरावांचं सांगायचे. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांच्या नाटक कंपन्यांनी मिळून केलेला संयुक्त मानापमानचा प्रयोग, बालगंधर्व भामिनी आणि आपले केशवराव धैर्यधर. त्यानंतर तीन महिन्यांत, 4 ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय एकतीस. हे सांगताना सरांचा आवाज दरवर्षी तिथंच भरून यायचा.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हाला मोकळ्या रंगमंचावर उभं केलं. समोर रिकाम्या खुर्च्या. म्हणाले, माइक नव्हते तेव्हाचं बांधकाम आहे, घाबरू नका, ही भिंत तुम्हाला मदत करते. एकेकानं टाळी वाजवून बघितली. मग दिवे लावले आणि मला डोळे मिटून चालायला सांगितलं. “गालावर ऊब लागली की थांब.” मी दोन पावलं गेले, ऊब आली, थांबले. “डोळे उघड. बघ, तू उजेडात आहेस.” खाली न बघता आपली जागा शोधायची ती अशी. त्यानंतर अनेक रंगमंचांवर उभी राहिले, पण ती ऊब गालाला पहिल्यांदा लागली ती केशवरावला.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री भावाचा फोन आला, “केशवराव पेटलंय.” दुसऱ्या दिवशी 9 ऑगस्ट, केशवरावांची जयंती. मी सकाळी गेले. रस्त्यावर माणसं नुसती उभी होती. नाटकवाले होते, तसे कधी नाटकात नसलेलेही होते, एक आजीबाई पदर तोंडाला लावून होत्या. छप्पर गेलं होतं, रंगमंच गेला होता. मी मनातल्या मनात ती दोन पावलं मोजली.

गेल्या डिसेंबरात भाची आमच्याकडं राहायला आली. तिच्या कॉलेजचं गॅदरिंग, तिला पहिल्यांदाच काम. पाहुण्यांना चहा द्यायचा आणि आत जायचं. “वाक्यच न्हाई गं आत्या,” म्हणाली आणि रिकामे कप ठेवलेला ट्रे घेऊन मला करून दाखवलं. मी उठले, गॅस पेटवला, सहा कप चहा टाकला आणि कप काठोकाठ भरून ट्रे तिच्या हातात दिला. म्हटलं, या दारातून त्या दारापर्यंत जाऊन ये.

दुसऱ्या पावलाला थांबली. “आत्या, मी सांडतो हां हे.”

“सांडू दे,” म्हटलं. “कुठं सांडतंय ते बघ फक्त.”