ईलिंगचं तळघर आणि ब्लेडनं चिरलेला स्पीकर

लंडनला आलेला बीटल्सवेडा पाहुणा आधी ॲबी रोडचं झेब्रा क्रॉसिंग गाठतो. फोटोपुरतं ते ठीक. पण रॉकचा खरखरीत, अंगावर येणारा आवाज कुठे घडला हे बघायचं तर पश्चिम लंडन गाठा.

एलिझाबेथ लाइननं ईलिंग ब्रॉडवेला उतरा. स्टेशनसमोरच्या बोळात खाली जाणाऱ्या पायऱ्या आहेत, जवळच फलक. इथल्या तळघरात १७ मार्च १९६२ला अलेक्सिस कॉर्नर आणि सिरिल डेव्हिस या वादकांनी ब्लूज या आफ्रिकन-अमेरिकन संगीताचा क्लब सुरू केला. जागा इतकी दमट, की पाणी ठिबकू नये म्हणून स्टेजवर ताडपत्री बांधावी लागे. पुढच्याच महिन्यात मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्सना ब्रायन जोन्स इथे भेटला. रोलिंग स्टोन्सची सुरुवात ही.

दोन स्टेशनं पुढे हॅनवेल. तिथे ७६, अक्सब्रिज रोडला ड्रम शिकवणाऱ्या जिम मार्शलचं दुकान होतं. अमेरिकेहून येणारे ॲम्प्लिफायर महाग पडत, म्हणून त्याच्या माणसांनी फेंडर बासमन या अमेरिकन ॲम्पचं सर्किट जवळजवळ जसंच्या तसं उतरवलं आणि जेटीएम४५ तयार केला. फरक सुट्या भागांत: पहिला व्हॉल्व्ह (संकेत वाढवणारी काचेची नळी) जास्त गेनचा, म्हणजे संकेत जास्त पटींनी वाढवणारा ईसीसी८३, आणि उघड्या पाठीच्या खोक्यातल्या दहा इंची चार स्पीकरऐवजी बंद खोक्यात बारा इंची चार. गेन वाढला की पुढचे व्हॉल्व्ह लवकर हात टेकतात, लहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ सुरावर नव्या हार्मॉनिक्सचा, म्हणजे त्याच्या पटीतल्या वरच्या सुरांचा थर चढतो.

रेकॉर्डिंगवाल्यांच्या लेखी हा दोष. ‘किंक्स’ बँडच्या गिटारवादक डेव्ह डेव्हिसनं मात्र तो मुद्दाम ओढवून घेतला. छोट्या एल्पिको ॲम्पच्या स्पीकरचा कागदी कोन त्यानं ब्लेडनं चिरला आणि तो आवाज व्हॉक्स एसी३० या मोठ्या ॲम्पमधून काढला. १९६४चं ‘यू रियली गॉट मी’ ऐका. गिटारच्या मुख्य तुकड्यातल्या प्रत्येक कॉर्डमध्ये फक्त सा आणि प आहेत. अशा आवाजात गंधार मिसळलात तर हार्मॉनिक्स एकमेकांवर आदळतात, सगळं गढूळ होतं. सा-प मात्र घट्ट बसतात. पुढच्या हार्ड रॉकचं आणि मेटलचं निम्मं व्याकरण या एका अडचणीतून निघालं, असं माझं मत.

घरी हा प्रयोग करताना एक जपा: व्हॉल्व्ह ॲम्पचा स्पीकर काढून ती वायर थेट दुसऱ्या ॲम्पच्या इनपुटला जोडू नका. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आवाज असाच खरखरीत करणारा साधा फझ पेडल घ्या.

‘द हू’ बँडच्या गिटारवादक पीट टाउनशेंडला आणखी मोठा आवाज हवा होता, म्हणून मार्शलनं १०० वॉटचा ॲम्प बनवला. गंमत म्हणजे ५०चे १०० वॉट केले तरी वाढतात जेमतेम ३ डेसिबल. खरा दरारा दिसण्याचा: आठ स्पीकरचं एकच खोकं उचलवेना म्हणून एकावर एक रचलेली दोन खोकी. रॉकच्या स्टेजमागची ती काळी भिंत इथून आली.

टाउनशेंड ईलिंगच्याच आर्ट कॉलेजचा. कलाकृती नष्ट करणं हीच कला, असं मांडणारा गुस्ताव मेट्झगर तिथे व्याख्यान देऊन गेला होता. टाउनशेंडनं स्टेजवर फोडलेल्या गिटारींचं मूळ बरंचसं तिथलं. १९६६ला त्याच कॉलेजात ग्राफिक आर्ट शिकायला आला पाचगणीच्या शाळेत वाढलेला फारुख बलसारा, म्हणजे ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी. ती इमारत सेंट मेरीज रोडला आहे, स्टेशनपासून पायी पंधराएक मिनिटांवर.