सात-सात की बारा-बारा?

कॉलेज रोडवर मिसळ खाताना मित्राने स्कूबा डाइव्हिंगचा विषय काढला, आणि दुपार बिलाच्या मागे आकडेमोड करण्यात गेली. दिवाळीनंतर मालवणला बोटीवरून दिवसाला दोन डाइव्ह. त्यासाठी पाठीवरच्या हवेच्या 7 लिटरच्या दोन टाक्यांची छोटी जोडी घ्यावी, असं माझं ठरत आलं होतं.

200 बार दाबाला दोन्हींचे मिळून 14 लिटर म्हणजे 2800 लिटर हवा. 50 बार राखीव ठेवले की हाती 2100. दहा मीटरवर दाब दुप्पट. माझा श्वास मिनिटाला 20 लिटर, म्हणजे तिथे 40. जेमतेम 52 मिनिटं! एका भरण्यात दोन निवांत डाइव्ह? विसरा. पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या दोन, फार तर.

12-12 च्या जोडीत 90 मिनिटं मिळतात, पण हलत्या बोटीत ती पाठीवर घेऊन उभं राहायचं, तेही माझ्या कंबरेने? (गोदाघाटाच्या पायऱ्या चढतानाच ती बोलते.)

छोट्या जोडीत मला खरं आवडलं ते वेगळंच: दोन व्हॉल्व्ह, दोन रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाजोगी करून तोंडाशी देतो तो). एक बिघडला तर तो बंद करायचा, दुसऱ्यावर वर यायचं. फक्त हात मागे व्हॉल्व्हपर्यंत पोचला पाहिजे. घरी येऊन करून पाहिलं. डावा पोचतो, उजवा नाही.

आई म्हणाली, "आधी पाठ खाजवायला शीक."