रोमन अवशेष बघायचेत? मुक्काम रोमला नको, नेपल्सला टाका

रोमन अवशेषांसाठी इटलीला जायचं म्हटलं की बहुतेक टूरवाले रोमच्या तीन रात्री पुढे करतात, आणि कार्यक्रमात खाली कुठेतरी एक ओळ असते: ‘पॉम्पेई, हाफ डे’. ही ओळ दिसली की तो कागद बाजूला ठेवावा. रोम ते पॉम्पेई साधारण २४० किलोमीटर. बसने जाऊन-येऊन पाच-सहा तास रस्त्यात जातात, आणि जागेवर दोन तास गाइडच्या छत्रीमागे धावायचं. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं हे ६६ हेक्टरचं रोमन शहर दोन तासांत कुणीच दाखवू शकत नाही. दाखवतात ते फोरम म्हणजे मुख्य चौक, एक बेकरी आणि वेश्यागृहाबाहेरची रांग.

रोम वाईट आहे असं नाही. कलोसियम बघावंच. पण फोरममध्ये हजार वर्षांची बांधकामं एकमेकांच्या डोक्यावर बसली आहेत, आणि तिथला बराचसा संगमरवर पुढच्या काळात चुन्याच्या भट्ट्यांत गेला. आधी नकाशा घोकून गेलात तरच त्या खांबांची संगती लागते. रोमला एक दिवस पुरे. माणसं कुठे राहायची, काय खायची, भिंतीवर काय खरडायची हे बघायचं असेल तर नेपल्सच्या आसपासचा पट्टा हाच पर्याय. रोम टर्मिनी ते नापोली चेंत्राले हायस्पीड गाडी सव्वा तासाच्या आत पोचवते. तिकीट महिना-दीड महिना आधी काढलं तर स्वस्त, आयत्या वेळी दुप्पट-तिप्पट.

इटलीला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची कटकट नको असेल तर जॉर्डनमधलं जेराश घ्या. अम्मानच्या उत्तरेला ५० किलोमीटरवर आहे, खांबांचे रस्ते आणि लंबगोल चौक शाबूत आहेत. जॉर्डन पास देशात उतरण्याआधी काढायचा आणि किमान तीन रात्री राहायचं, म्हणजे ४० दिनारची व्हिसा फी माफ होते. पासची किंमत ७० दिनारपासून सुरू. पण जेराशला सगळं सार्वजनिक वैभव, घराचा उंबरा बघायला मिळत नाही. तुर्कस्तानातल्या इफेससला श्रीमंतांची घरं आहेत, त्यांचं तिकीट वेगळं. जवळच्या कुसादासी बंदरात क्रूझ लागलेली असेल त्या दिवशी तिथे फिरकूही नये.

आता नेपल्स. क्रम महत्त्वाचा आहे आणि नव्वद टक्के लोक तो उलटा करतात. आधी नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय, मग त्याच उद्रेकात गाडलं गेलेलं हर्क्युलेनियम, शेवटी पॉम्पेई. पॉम्पेईतली बरीचशी चांगली चित्रं भिंतीतून कापून आणि मोझेक (रंगीत खड्यांची चित्रं) जमिनीतून उचलून केव्हाच संग्रहालयात नेली आहेत. पॉम्पेईतल्या हाऊस ऑफ द फॉन या घरात जमिनीवर दिसतं ते अलेक्झांडरच्या लढाईचं मोझेक ही नक्कल आहे, अस्सल नेपल्समध्ये. ते आधी बघितलं असेल तर रिकाम्या भिंतींसमोर उभं राहून ‘एवढंच?’ असं होत नाही. संग्रहालयात पॉम्पेईची भलीमोठी प्रतिकृतीही आहे. तिच्याभोवती अर्धा तास काढला की दुसऱ्या दिवशी नकाशा निम्मा कमी उघडावा लागतो. मंगळवारी संग्रहालय बंद. सोमवारी संध्याकाळी नेपल्सला उतरून बुधवारी निघणाऱ्यांचं ते हमखास हुकतं.

तिथलं ‘गॅबिनेत्तो सेग्रेतो’ हे दालन मराठी माणसाने चुकवू नये. कामुक वस्तूंचं दालन म्हणून लोक खुसखुसत बघतात आणि तिथली हस्तिदंती भारतीय मूर्ती ओलांडून पुढे जातात. उंची वीतभर. १९३८ साली पॉम्पेईच्या मुख्य रस्त्यावरच्या एका घरात ती सापडली. तिला लक्ष्मी म्हणतात, पण ती यक्षी असावी असंच बरेच अभ्यासक मानतात. तिच्याशी जुळणाऱ्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे तेर आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेला काशाचा पोसायडन ज्यांनी टाऊन हॉल म्युझियममध्ये बघितला आहे, त्यांना रोमशी चालणाऱ्या व्यापाराचं दुसरं टोक इथे दिसेल. दालनं अधूनमधून बंद असतात, तेव्हा तिकीट काढतानाच आज कुठली उघडी आहेत ते विचारा.

हर्क्युलेनियमला चिरकुमव्हेसुव्हियाना ही लोकल जाते. स्टेशन ‘एर्कोलानो स्कावी’, नेपल्सहून वीसेक मिनिटं. बहुतेक लोक मुख्य स्टेशनाच्या तळघरातल्या गारिबाल्डी फलाटावर चढतात आणि उभे राहून जातात. गाडी सुटते एक स्टेशन आधी, पोर्ता नोलानाहून. मुख्य स्टेशनापासून ते दहा मिनिटं चालत. तिथे चढा, बसायला मिळतं. गाडीवर ‘सोरेंतो’ लिहिलेलं हवं. याच फलाटांवरून इतर मार्गांच्या गाड्याही सुटतात, त्यामुळे चढण्यापूर्वी पाटी वाचायचीच. डबे जुने, उन्हाळ्यात कोंदट. फोन आणि पाकीट पुढच्या खिशात, सॅक पोटावर. दाराशी हातात फोन घेऊन उभं राहू नका, दार बंद होताना फोन हिसकावून उतरणं ही इथली नेहमीची पद्धत. संपाला इथे ‘शोपेरो’ म्हणतात आणि तो आधी जाहीर होतो, तेव्हा आदल्या रात्री तपासा. संपातही सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळेत गाड्या सोडतात, पण मधल्या वेळेत अडकलात तर टॅक्सीवाला म्हणेल तो भाव.

हर्क्युलेनियम लहान आहे, तीन-साडेतीन तासांत होतं, आणि दोन्हींपैकी एकच बघायचं असेल तर डोळे मिटून हेच निवडा. कारण राखेत आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा पॉम्पेईवर आधी तासन्‌तास प्युमिसचे म्हणजे सच्छिद्र दगडाचे हलके खडे पडत राहिले. त्यांच्या वजनाने छपरं बसली, वरचे मजले गेले. हर्क्युलेनियमवर प्युमिस फारसा पडलाच नाही. तिथे थेट तापलेल्या वायूचे आणि राखेचे लोट आले आणि गाव सुमारे २० मीटर खाली गाडलं गेलं. लाकूड जळून राख होण्याऐवजी कोळसा होऊन टिकलं. म्हणून इथे दोन मजली घरं, लाकडी सरकते पडदे, पलंग, दुकानातल्या फळ्या दिसतात. दोन हजार वर्षांपूर्वीची बिजागरी जागच्या जागी आहे. खाली जुन्या किनाऱ्यावर होड्या ठेवायच्या कमानींमध्ये तीनशेच्या वर माणसांचे सांगाडे सापडले, तो भाग शेवटी न ठेवता आत शिरताच बघा, दुपारी तिथे गटांची गर्दी होते. स्टेशनपासून अवशेषांपर्यंतचा रस्ता सरळ उताराचा आहे, दहा मिनिटं. रिक्षा-टॅक्सी विचारणाऱ्यांकडे बघूही नका. परतताना मात्र तोच चढ उन्हात पाय मोडतो.

आणि आता तो टप्पा, ज्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं. ‘पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी’ स्टेशनच्या दारापासून पोर्ता मरीना प्रवेशद्वारापर्यंतचं अंतर दोन-तीन मिनिटांचं आहे आणि अख्ख्या सहलीतली सगळ्यात महागडी दोन मिनिटं हीच. बाहेर पडताच गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं ‘तिकेट? तिकेट?’ करत येतात. माहिती केंद्रासारखे काउंटर मांडलेले असतात, ते खासगी टूर विकतात. वाक्यं ठरलेली: ‘दोन तासांची रांग आहे’, ‘आजची साधी तिकिटं संपली’, ‘गाइडशिवाय आत सोडत नाहीत’. तिसरं वाक्य साफ खोटं. पैसे दिले की गट भरेपर्यंत बसवून ठेवतात. मग वीस-पंचवीस माणसांबरोबर दोन तासांची फेरी होते आणि फोरमपाशी तुम्हाला सोडून गाइड पुढच्या गटाकडे जातो. गाइड हवाच असेल तर कांपानिया प्रांताचं परवानापत्र दाखवायला सांगा आणि तिकिटाचे किती, गाइडचे किती, हे वेगळं वदवून घ्या.

ही लूट चालते कारण लोक तिकीट न काढता येतात. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे आणि तिकीट नावावर मिळतं, तेव्हा ‘आजची तिकिटं संपली’ हे वाक्य एखाद्या दिवशी खरंही ठरतं. तिकीट पुरातत्त्व उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या दुव्यावरूनच काढा. शोधल्यावर वर दिसणारी पहिली दोन-तीन पानं सहसा दलालांची असतात, तेच तिकीट दीडपट-दुपटीला. नाव पासपोर्टप्रमाणे घाला, आणि पासपोर्ट जवळ ठेवा. दुसरी मेख: साधं तिकीट २०२५ मध्ये १८ युरोंचं होतं, पण त्यात व्हिला ऑफ मिस्टरीज हा वेशीबाहेरचा, भित्तिचित्रांचा वाडा येत नाही. त्यासाठी ‘प्लस’ तिकीट लागतं, ते तेव्हा २२ युरोंचं होतं. दर बदलत असतात, हा फरक मात्र लक्षात ठेवा. तेवढे युरो वाचवून पॉम्पेईतली सगळ्यात भारी चित्रं सोडणं हा शुद्ध वेडेपणा आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो, म्हणून त्या दिवशी जाऊ नये.

त्या दोन मिनिटांना वळसा घालता येतो. नेपल्सहून त्रेनितालिया या रेल्वे कंपनीच्या साध्या गाडीने नुसत्या ‘पॉम्पेई’ या दुसऱ्या स्टेशनवर उतरा. गाड्या कमी आहेत, वेळ आधी बघून ठेवा. तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत पियात्झा अँफितेआत्रोचं दार लागतं. ते त्या मानाने रिकामं असतं, आणि शहर पूर्वेकडून पश्चिमेकडे बघून होतं, म्हणजे सकाळचं ऊन पाठीवर. प्रथम अँफिथिएटर: इ.स.पू. ७० च्या सुमाराचं, टिकून राहिलेल्या दगडी अँफिथिएटरांत सगळ्यात जुनं. इ.स. ५९ मध्ये इथे शेजारच्या नुकेरियाच्या लोकांशी एवढी मारामारी झाली की सिनेटने दहा वर्षं खेळ बंद केले. मग ऑर्तो देई फुज्जास्की, पळताना गाडल्या गेलेल्या १३ जणांच्या देहांचे प्लास्टरचे साचे. काचेच्या पेटीतले साचे फोरमपाशी गर्दीत बघण्यापेक्षा इथे बघा. पुढे व्हिया देल्ल’अब्बोन्दान्त्सा या मुख्य रस्त्याने खानावळी, धोब्याचं दुकान, स्ताबियन स्नानगृहं, थिएटरं. फोरमवर दुपारी पोचाल, तिथे वीस मिनिटं खूप झाली. वेश्यागृहाची रांग सोडून द्या, आत पाच खोल्या आणि मागून ढकलणारे लोक. त्याऐवजी हाऊस ऑफ द वेत्ती. बऱ्याच वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये उघडलं आहे, रांग असली तरी थांबावं असं हे एकच घर. शेवटी एर्कोलानो वेशीतून बाहेर पडून व्हिला ऑफ मिस्टरीज. तिथूनच बाहेर पडता येतं आणि स्कावी स्टेशन दहा मिनिटांवर. परतीला दलालांना तुमच्यात रस नसतो.

दिवसभरात आठ-दहा किलोमीटर सहज होतात, तेही लाव्हाच्या घोटीव दगडांवर, मध्ये गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चरांवर. जाड तळव्याचे बूट हवेत. सँडल घातलेली माणसं दोन वाजता कडेला बसलेली दिसतात. सावली जवळपास नाही. पाणी विकत घेऊ नका, आतल्या नळांचं पाणी पिण्याचं आहे, बाटली भरत राहा. ३० × ३० × १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही, ती दारावर ठेवावी लागते. मग परत घ्यायला त्याच दाराशी यावं लागतं आणि वरचा सगळा मार्ग बिघडतो, म्हणून लहान सॅकच न्या. जुलै-ऑगस्ट अजिबात नको. मार्च किंवा ऑक्टोबरचा उत्तरार्ध उत्तम. नोव्हेंबर ते मार्च शेवटचा प्रवेश साडेतीनला आणि पाचला दारं बंद, त्यामुळे सकाळी नऊला हजर राहा.

खाण्याचं फार डोकं लावू नका. शाकाहारी माणसाला पिझ्झा मार्घेरिता आणि मारिनारा कुठेही मिळतो. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक-दोन युरो दिसले तर भांडू नका, ते मेनूवर छापलेलं असतं. छापलेलं नसेल तर जरूर भांडा. कॉफी उभ्याने प्या, टेबलावर बसलात की भाव बदलतो. टॅक्सीत बसण्याआधी ‘तारिफ्फा प्रेदेतेर्मिनाता’ म्हणा. शहरातल्या ठरावीक मार्गांना नेमून दिलेले दर आहेत, पण ते आधी मागावे लागतात, गाडी सुटल्यावर मीटर.

सोरेंतो, काप्री छान आहेत, ज्यांना जायचंय त्यांनी जावं. एखादा दिवस उरला तर तोर्रे अन्नुन्त्सियाताला उतरून ओप्लोन्तिसचा व्हिला बघा. ‘प्लस’ तिकिटात तो येतो का, ते तिकीट काढतानाच पाहून घ्या. भिंतीवरचे मोर आणि फळांच्या परड्या पॉम्पेईपेक्षा ताज्या आहेत आणि आत पाच-दहा माणसंसुद्धा नसतात. दिवस रोममध्ये उरला असेल तर ओस्तिया आंतिका. पिरामिदे मेट्रोला लागून असलेल्या पोर्ता सान पाओलो स्टेशनवरून लोकल सुटते, रोममधलं साधं मेट्रो-बसचं तिकीट त्यावर चालतं. सोमवारी बंद.