तुम्ही विचारलंत म्हणून : उपमा कुणाची?

कथा वाचायला देणारे बरेच जण एकच विचारतात, "पात्र सपाट वाटतंय, थोडे अलंकार वाढवू का?" वाढवू नका. आधी जे आहेत ते कुणाचे आहेत, ते बघा.

ज्याच्याबद्दल बोलायचं ते उपमेय आणि ज्याची उपमा द्यायची ते उपमान. लिहिताना सगळं लक्ष उपमेयावर असतं, पण पात्र उघडं पडतं उपमानात. माणूस उपमान आणणार कुठून? रोज जे हाताखालून जातं त्यातूनच. डोंगराच्या कडेवर धुकं उतरलंय. शिंप्याला तिथे धावदोरा दिसेल, ओढला की निघणारा. रात्रपाळी उरकून निघालेल्या नर्सला तेच धुकं जखमेवर दाबून धरलेल्या कापसासारखं वाटेल. दोघांच्या स्वभावाबद्दल चकार शब्द न काढता दोघं कळतात. डोंगर तोच, पण एकाच्या ओळीत निवांतपणा येतो, दुसरीच्या ओळीत धास्ती.

बिघडतं कुठे, तर सहा वर्षांचं पोर, त्याची आजी आणि निवेदक असे तिघंही चंद्राकडे एकाच थाटात बघतात. खर्ड्यातला प्रत्येक 'सारखा', 'जसा', 'जणू' पेन्सिलीने अधोरेखित करा आणि समासात लिहा, हे कोण बघतंय? उत्तर 'मी' असं आलं तर ओळ खोडा, कितीही आवडती असली तरी. (आवडती असते म्हणूनच ती तिथे टिकलेली असते.) जागाही बघा. कुणी जिवाच्या आकांताने पळत असेल तर उपमा नकोच. 'सारखा' म्हटलं की वाचक दुसरीकडे बघतो आणि पळणारा तेवढा वेळ जागच्या जागी उभा राहतो.

अलंकारांच्या यादीत नसलेली काही साधनं मला याहून कामाची वाटतात. 'साहेब आजारी होते' ही बातमी झाली. 'साहेब म्हणे आजारी होते' यात सांगणाऱ्याची भुवई वर गेलेली दिसते. किंवा हे बघा : 'तो उशिरा आला. तिला वाटलं, की हा मुद्दाम करतो.' आता 'तिला वाटलं' काढून टाका : 'तो उशिरा आला. मुद्दामच. वर हसतोय!' निवेदकाच्या आवाजात तिचा आवाज मिसळला आणि तो खरंच मुद्दाम करतो का, हे ठरवायचं काम वाचकावर आलं. मराठीत हे सहज जमतं. पथ्य एकच, पुढच्या वाक्यात लगेच त्याच्या मनात शिरायचं नाही. नाहीतर चिडलंय कोण, हेच कळेनासं होतं.

कवितेत स्वर शब्दांच्या आधी चालीतून येतो. भुजंगप्रयात या वृत्तात ओळीला 12 अक्षरं, लघु-गुरु-गुरु हा तुकडा चार वेळा (लघु म्हणजे आखूड उच्चाराचं अक्षर, गुरु म्हणजे लांब उच्चाराचं). पावलं ठाम पडतात, म्हणून रामदासांच्या मनाच्या श्लोकांतला उपदेश त्यात चपखल बसतो. त्याच चालीत विरह लिहा, तो कवायत करत चालल्यासारखा वाटण्याचा धोका असतो. मंदाक्रांता वृत्त बघा : 17 अक्षरं, यती म्हणजे थांबा चौथ्या आणि दहाव्या अक्षरावर. आधी चार गुरु, सावकाश. मग पाच लघु धावत सुटतात आणि गुरूवर थबकतात. शेवटची सात अक्षरं पुन्हा जड पावलांनी. बायकोपासून दुरावलेला यक्ष ढगाकरवी तिला निरोप धाडतो, ते कालिदासाचं अख्खं मेघदूत याच वृत्तात आहे. श्वास रोखणं, मन धावणं, पुन्हा खचणं हे यक्षाने सांगायच्या आधी चालच सांगून टाकते.

वृत्त फसतं ते बहुधा भरतीच्या शब्दांनी. अक्षरं कमी पडली म्हणून 'ते', 'जरी', 'अहा' घुसवले की गणित जुळतं आणि स्वर जातो. मंदाक्रांतेत अशी भरती पहिल्या चार गुरूंत पडली तर सुस्काऱ्याची जागाच गेली. ती ओळ मुळापासून पुन्हा रचा, नाहीतर वृत्त सोडा. मुक्तछंदात ती कदाचित सात अक्षरांतच उभी राहील.