अमेरिकेतली उन्हाळी पत्रकारिता इंटर्नशिप : दहा आठवड्यांत हाती काय लागतं

अमेरिकेत पत्रकारिता शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या यादीत सगळ्यात वर मोठी राष्ट्रीय दैनिकं असतात. तिथे अर्ज जरूर करावा. त्यांचे अर्ज बहुधा आदल्या वर्षीच्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्येच बंद होतात, त्यामुळे जानेवारीत शोधाशोध सुरू करणाऱ्याची संधी आधीच हुकलेली असते. पण उन्हाळ्यातल्या दहा-बारा आठवड्यांत कामाच्या दृष्टीने सगळ्यात जास्त देऊन जातं ते लहान शहरातलं स्थानिक वर्तमानपत्र, असं आमचं ठाम मत आहे. तिथे बातमीदार इतके कमी असतात की इंटर्नला पहिल्याच आठवड्यात बैठकीला धाडलं जातं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या नावाने बातमी छापून येते.

शहराच्या कौन्सिलची बैठक हा यातला सगळ्यात चांगला धडा. कॅलिफोर्नियात १९५३च्या ब्राउन कायद्यानुसार नियमित बैठकीची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी जाहीर करावी लागते. इतर राज्यांचेही असे कायदे आहेत, मुदती वेगळ्या. विषयपत्रिकेसोबतची कागदपत्रं शेकडो पानांची असू शकतात. नवखा इंटर्न ती न वाचता जातो, भाषणं उतरवून घेतो आणि ‘कौन्सिलची मंगळवारी बैठक झाली’ असा इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवातीची ओळ, लिहितो. संपादक ती ओळ लगेच उडवतो, कारण तिथे काय ठरलं आणि त्याचा भार कोणावर पडणार, हे त्या ओळीत नसतं.

खरी बातमी बरेचदा ‘कन्सेंट कॅलेंडर’मध्ये दडलेली असते. चर्चा न करता एकाच मतदानात मंजूर होणारे विषय या यादीत येतात : कंत्राटाला मुदतवाढ, वाढीव रक्कम, एखादी नेमणूक. जो आदल्या दिवशी ही पानं वाचतो, मूळ कंत्राट कितीचं होतं ते जुन्या इतिवृत्तातून काढतो आणि संबंधित खात्याला दुपारीच फोन लावून ठेवतो, त्याची बातमी बैठक सुरू होण्याआधीच अर्धी तयार असते. रात्री साडेनऊला मतदान झालं तरी अकराच्या आत चारशे शब्द देता येतात. वर्गात या कामाला आठवडाभराची मुदत मिळते. डेडलाइनखालची ही सवय तिथे लागत नाही.

दुसरी कमाई म्हणजे रोजचं संपादन. एपी स्टाइलबुक, म्हणजे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची लेखनशैलीची नियमपुस्तिका, पाठ करून काही होत नाही. आपली कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, रोज कोणी तरी दुरुस्त करून परत द्यावी लागते. दहाच्या आतले आकडे अक्षरी, वय मात्र अंकातच, हे आठवड्याभरात अंगवळणी पडतं. शब्दातला धोका ओळखायला जास्त वेळ लागतो. पोलिसांनी अमक्याला ‘चोरी केल्याबद्दल’ अटक केली, असं लिहिलं की गुन्हा सिद्ध झाल्यासारखं होतं. ‘चोरीच्या आरोपावरून’ लिहायचं, तेही खरोखर आरोप ठेवला गेला आहे का, हे तपासून. पोलिसांची अटक आणि सरकारी वकिलाने ठेवलेला आरोप या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि कधी कधी दुसरी पायरी येतच नाही.

नावांचंही तसंच. साधं वाटणारं नावसुद्धा समोरच्याकडून एकेक अक्षर करून लिहून घ्यायचं आणि परत वाचून दाखवायचं. फोनवर बी आणि व्ही यांत सहज गफलत होते. मराठी विद्यार्थ्यांचा कल ईमेलकडे असतो, पण ईमेलला येतं ते घोटून लिहिलेलं उत्तर. फोनवर उलटा प्रश्न विचारता येतो, आणि तो विचारायची भीड मोडणं हा या उन्हाळ्याचा मोठा लाभ आहे. संभाषण रेकॉर्ड करायचं असेल तर आधी राज्याचा कायदा पाहा : न्यूयॉर्कमध्ये संभाषणातल्या एकाची संमती पुरते, कॅलिफोर्नियात खासगी संभाषणासाठी सगळ्यांची लागते. विचारून रेकॉर्ड करणं कुठेही सुरक्षित.

कागदपत्रं शोधणं इथे स्वस्तात शिकता येतं. संघीय न्यायालयांची कागदपत्रं पेसर या प्रणालीवर मिळतात : पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीचं बिल ३० डॉलरपर्यंत असेल तर माफ. माहितीच्या संघीय कायद्याखाली उत्तराची मुदत कामाचे २० दिवस आहे, पण प्रत्यक्षात महिने लागतात. म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकायचा, आणि उत्तर आपण गेल्यावर आलं तर बातमी कोण पुढे नेणार, हे संपादकाशी बोलून ठेवायचं. शहर आणि राज्याच्या कागदपत्रांना त्या त्या राज्याचा कायदा लागू होतो.

आता व्हिसा. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला विद्यापीठाबाहेर अशी इंटर्नशिप करायची तर सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी लागते, आणि त्यासाठी साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं असावं लागतं. परवानगी ठरावीक संस्थेसाठी आणि ठरावीक तारखांसाठीच असते. आय-२० या विद्यापीठाने दिलेल्या प्रमाणपत्रावर ती नोंद होण्याआधी एक दिवसही काम करायचं नाही, मधल्या काळात दुसऱ्या वर्तमानपत्राला मानधनावर लेखही द्यायचा नाही. इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग असावी लागत असल्याने अनेक विद्यापीठं उन्हाळ्यात क्रेडिट घ्यायला लावतात, आणि त्याची फी भरावी लागते. इंटर्नशिपचं मानधन मोजताना हा खर्च हमखास विसरला जातो. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त झालं तर ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करण्याची वेगळी परवानगी, हातची जाते. एका उन्हाळ्याने काही बिघडत नाही.

पदवीनंतरचं ओपीटी १२ महिन्यांचं. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ नेहमीच्या पत्रकारितेच्या पदवीला नाही. म्हणजे नोकरी शोधायला वेळ थोडा, आणि त्या वेळी संपादकासमोर ठेवायला छापून आलेल्या पाच-सहा बातम्या हव्यात. म्हणूनच नाव मोठं पण काम नुसतं फोन घेण्याचं, अशी जागा परदेशी विद्यार्थ्याला महाग पडते.

शेवटच्या आठवड्यात आपल्या प्रत्येक बातमीची पीडीएफ करून ठेवा, कारण संकेतस्थळं बदलतात आणि जुने दुवे मरतात. संपादकाकडे संदर्भपत्र तिथे असतानाच मागा. पगाराची पावतीही नीट पाहा : एफ-१ विद्यार्थ्याला साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा आरोग्यविमा) यांची मिळून ७.६५ टक्क्यांची कपात लागू नसते, पण लहान कार्यालयांत ती नकळत होते. आधी तिथल्याच हिशेब विभागाकडे परतावा मागायचा. त्यांनी दिला नाही तर कर खात्याकडे फॉर्म ८४३ आणि ८३१६ भरून मागता येतो.